बारवेचं कार्ड

एकतीस वर्षं मी फोटोंना खोटं बोलायला शिकवलं. कोल्हापुरात एका ब्लॉकवाल्याकडे रिटचिंगची नोकरी. छपाईचा ब्लॉक करण्याआधी फोटोवर बारीक ब्रश फिरवायचा: नवरदेवाच्या गालावरचे देवीचे वण पुसायचे, पुढाऱ्याच्या मागचं गटार घालवायचं, आभाळ रिकामं दिसलं तर चार ढग भरायचे. नोकरी संपली, पण डोळ्याची खोड जाईना. मग जुनी चित्रांची पोस्टकार्डं जमवायला लागले, गेल्या शतकाच्या सुरुवातीची. लोक कार्डावरचं चित्र बघतात. मी भिंग लावून ते कसं छापलंय ते बघते. हाफटोन असेल तर सगळं चित्र ठिपक्यांत फुटतं. शिळाछाप असेल तर खडूसारखा खरखरीत दाणा दिसतो. आणि कोलोटाइप असेल तर ठिपका नाहीच. नुसत्या बारीक सुरकुत्या, म्हाताऱ्या माणसाच्या हातावर असतात तशा. कोलोटाइप मिळालं की मला त्या दिवशी जेवण गोड लागतं.

माझ्या भावाचा ऊस शिरोळकडे आहे. तोडायला बीडकडची टोळी येते. एकदा दुपारी मी तिथं भाच्यांना कार्डांची वही दाखवत बसले होते. विहिरीवर पाणी प्यायला आलेला एक तोडणीवाला मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "बाई, असलं एक कार्ड आमच्या घरी हाय. बारवेचं. माझा पणजा बसलाय त्याच्यात, भाकर खात."

बारव म्हणजे खाली पायऱ्या उतरत जाणारी जुनी दगडी विहीर, आणि त्या तोडणीवाल्याचं नाव रघू. कोयता डाव्या हातात. तो वर करून हसून म्हणाला, "पणजाबी डावरा व्हता. मी त्याच्यावरच गेलो."

तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंगा. कधी येऊ, विचारलं, तर म्हणाला, "दसऱ्याच्या आधी या. मागून आमच्या गावात कुलपं भेटतेल तुमाला."

म्हणून मी नवरात्रात गेले. गावाचं नाव लिहीत नाही. जमवणारी जात माझी मला ठाऊक आहे.

दुसरी माळ, वडवणी

आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. आमच्याकडे बाजारात भाजीचे ढीग बघायची सवय, इथे ढीग दिसले ते कडब्याचे, आणि तेही बारके. पाऊस मृगात एकदा पडला होता आणि नंतर पोळ्याला तोंड दाखवून गेला होता. गर्दी म्हणाल तर एकाच ठिकाणी, लोहारांच्या भात्यांपुढे. दसऱ्यानंतर जिल्ह्यातली निम्मी माणसं ट्रकमध्ये बसून आमच्याकडच्या सहकारी कारखान्यांना जाणार, त्यांचे कोयते घडत होते. साखर आमच्या बशीत, आणि तिचं हत्यार इथे घडतं, हे मला साठाव्या वर्षी कळलं. लाज वाटली, खोटं कशाला सांगू?

रघू तिथेच भेटला. लोहाराला बजावत होता, "माझ्याला उलटी धार काढ बे, इसरू नको. दुसरा साधा, बायकोचा हाय."

गाव तिथून जीपने तासाभरावर. रघूच्या आईचं नाव कौसाबाई. पन्नाशीची, काटक, आवाज खणखणीत. अंगणातल्या बाजेवर बसले, तर सुनेनं तांब्या आणून दिला. मी कोल्हापूरची, दारात पाय धुतल्याशिवाय घरात न शिरणारी. तांब्या उचलला आणि सगळा पायांवर ओतला. सून, सुमन तिचं नाव, माझ्या पायांखालच्या ओल्या मातीकडे बघत राहिली. तो प्यायचा तांब्या होता.

"राहू द्या," कौसाबाई म्हणाल्या. "माती तरी निवली जरा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पटकन पिशवीतून लाडवांचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. जेवायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचे शेंगुळे होते. शेंगुळे मी पहिल्यांदाच खाल्ले. तिखटजाळ रश्शात हुलग्याच्या पिठाची जाड वेटोळी. आमच्या तांबड्या रश्शाची शपथ, दोनदा वाढून घेतले. कौसाबाईंचा स्वतःचा उपास होता. जेवण होईतो डबा घासून माझ्यापुढे परत आला, शेंगांनी गच्च भरून.

"अहो, हे कशाला? दुष्काळात?"

"रिकामं भांडं देऊ न्हाई कुणाला," त्या म्हणाल्या. "दुष्काळात तर मुळीच न्हाई."

मग कार्ड निघालं. फणेरपेटीच्या, म्हणजे आरसा-फणीच्या पेटीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेलं. मी भिंग लावलं आणि, देवा रे, कोलोटाइप! वर हातानं भरलेले रंग. मधोमध देऊळ, अगदी समोरून. त्याच्या डाव्या अंगाला बारवेच्या पायऱ्या, कडेला कोरलेलं नक्षीचं पान, खाली काठोकाठ पाणी, निळंशार. रंग भरणारी कुणी परदेशातली पोर असणार. तिनं असलं निळं भरलं होतं की आमच्या रंकाळ्यालाही ते कधी जमलं नाही. पायरीवर एक माणूस डाव्या हातानं भाकरी खातोय, शेजारी घागर घेतलेली बाई उभी. खाली इंग्रजीत छापलेलं: निजामाच्या मुलखातली एक विहीर. मागची बाजू कोरी करकरीत. ना तिकीट, ना शाईचा थेंब. दुष्काळात गावाला धान्य वाटायला आलेल्या कुणा गोऱ्या पाद्र्यानं फोटो काढला आणि दोन वर्षांनी छापलेलं कार्ड आणून पणज्याच्या हातात दिलं, अशी घरातली गोष्ट.

"ह्या घरात डावरं पोर झालं, की पणजोबा आले म्हणत्यात," कौसाबाई म्हणाल्या. "उजव्या हातानं जेव म्हणून कुनी मारत न्हाई. ह्या कार्डाचं पुण्य."

मी विचारलंच, कार्ड देणार का म्हणून. त्यांनी ते परत फडक्यात ठेवलं.

"देऊ की. पर त्याचं काम व्हायचंय अजून."

तिसरी माळ

काम काय, ते सकाळी देवळापाशी गेल्यावर दिसलं. देऊळ आता सिमेंटचं, गुलाबी रंगाचं, जुन्यातलं काहीच उरलेलं नाही. दारासमोर उभं राहिलं की डाव्या हाताला भला मोठा खड्डा, आणि त्यात वीसेक बाया-माणसं टिकाव-फावडं घेऊन उतरलेली. बारव कधीकाळी ओढ्याच्या पुरानं गाळात बुजली, वरून लोकांनी दगडमाती लोटली, सपाटी झाली, आणि गाव विसरलं. आता गावच्या विहिरी आटल्यावर कार्डाची आठवण झाली. महिनाभर खणत होते. गाळ नाही, दगड नाही, नुसता मुरूम.

उजव्या हाताला गावच्या दूध संस्थेची पत्र्याची शेड, पुढे सिमेंटचा ओटा आणि त्यावर संगमरवरी कोनशिला. संस्थेचे चेअरमन, म्हणजे कौसाबाईंचे धाकटे दीर, तिथे खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला शेड फिरवून दाखवली. आत खरंच गार होतं.

"उन्हाळ्यात तालुक्याचं दूध नासतं, पर आमचं न्हाई," ते म्हणाले. "कावून? तर आमदारसायबांच्या हातची कोनशिला हाय. हाताला गुण असतो एकेकाच्या."

मी मान डोलावली. मला काय, मी कार्डासाठी आले होते.

घरी परतताना सुमननं मला सगळं सांगितलं. ती माहेरची युसूफ वडगावची, सातवी शिकलेली, आणि आठवा महिना लागलेला. बारवेला पाणी लागलं तर संस्थेच्या म्हशी जगणार, दूध चालू राहणार, आणि घरटी एखादं माणूस मागे राहू शकणार. नाही लागलं, तर म्हशी विकायच्या आणि सगळ्यांनी दसऱ्यानंतरच्या ट्रकमध्ये चढायचं. तिचा कोयता मी लोहाराकडे पाहिलाच होता.

"आत्यांचं पहिलं पोर उसाच्या फडात झालं," ती सासूबद्दल म्हणाली. "सकाळी मोळ्या बांधल्या, दुपारी झालं. तिसऱ्या दिवशी गेलं. त्या मला नेऊ देईनात. पर हितं पाण्याबिगर बाळंत कशी व्हऊ?"

मी तिच्या पावलाला पाऊल जुळवून सावकाश चालले.

दुपारी खड्ड्याच्या काठावर वाद झाला. काठी टेकत एक म्हातारे आले, गणपततात्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणाले, "अरे बाबांनो, चुकीच्या अंगाला खनताय. मी लहान असताना आजाचं बोट धरून गेलतो की. देवळाच्या उजव्या अंगाला एक खळगा व्हता. आजा म्हनायचा, हितं बारव व्हती."

"तात्या, उजव्या अंगाला संस्था हाय," चेअरमन म्हणाले.

"तवा कुठं व्हती संस्था?"

खणणारे थांबले. काही जणांच्या मनात आलं, तात्या म्हणतात तिकडे एकदा बघावं. चेअरमन माझ्याकडे वळले. "बाई, तुमी जाणकार. कार्ड काय म्हणतं?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण विचारलं की माझ्या अंगात येतं. मी भिंग काढलं, कार्ड मागवलं, आणि वीस लोकांसमोर भाषण ठोकलं. म्हटलं, हे हातानं काढलेलं चित्र नाही, फोटोवरून छापलेलं आहे. ठिपका नाही, सुरकुत्या बघा. रंग वरून भरलेत, पण रेघ फोटोची. बारव डाव्या अंगाला दिसतेय म्हणजे डाव्याच अंगाला.

आणि वर तात्यांना म्हणाले, "आजोबा, माणूस विसरतो. फोटो खोटं बोलत नाही."

एकतीस वर्षं फोटोंवर ब्रश फिरवलेली बाई हे बोलली! तात्या काठी टेकत निघून गेले. खणणारे पुन्हा खाली उतरले, डाव्या अंगाला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही.

पाचवी माळ

खरं तर मी चौथ्या माळेला परत निघणार होते. पण कार्ड सोडून पाय निघेना. हावरटपणा म्हणा.

सकाळी कौसाबाई घटाशी देवीचा मुखवटा सजवत होत्या. हळदकुंकू लावून झालं, गजरा झाला, शेवटी नथ. डाव्या नाकपुडीतल्या भोकात अडकवताना नथ सुटून खाली पडली. मी उचलून दिली. मग खाटेवर बसून, करायला काही नव्हतं म्हणून, पुन्हा कार्डाला भिंग लावलं. या वेळी पणज्याला सोडून घागरवालीकडे गेले. चेहरा नखाएवढासुद्धा नाही. पण कोलोटाइपची हीच तर मजा, भिंगाखाली आणखी आणखी दिसत जातं. हाफटोन असतं तर हिचं नाक चार ठिपक्यांत विरघळून गेलं असतं. हिला डोळे होते, कपाळावर कुंकू होतं, आणि नाकात नथ होती.

उजव्या नाकपुडीत.

आधी वाटलं, कुणा माझ्यासारखीचा ब्रश चुकला. भिंग आणखी जवळ नेलं. ब्रशचं काम नव्हतं ते. मग नजर पणज्याच्या भाकरीवर गेली. एक माणूस डावरा असू शकतो. पण शेजारची बाई नथ दुसऱ्या नाकपुडीत घालेल होय? मराठवाड्यात?

कोलोटाइपमध्ये काचेवरच्या सरसाच्या थरावरून थेट कागदावर छापतात. म्हणून फोटोची निगेटिव्ह आधी उलटी करून लावावी लागते. विसरलं की छापलेल्या चित्रात डावं उजवं होऊन बसतं. पहिल्या वर्षी शिकवलेली गोष्ट! आणि खालची अक्षरं सुलटी होती म्हणून मला शंका आली नाही. पण अक्षरं वेगळी छापतात, हेही मला माहीत होतं. मागचे डोंगर असते तर कुणीही ओळखलं असतं. पण ते पुसून तिथं पांढरं आभाळ केलेलं. तेही आमच्याच जातीचं काम.

"कौसाबाई," मी म्हणाले, "आरसा द्या हो जरा. मी माती खाल्लीय."

फणेरपेटीचा आरसा उभा केला आणि कार्ड त्याच्यापुढे धरलं. आरशात पणजा उजव्या हातानं जेवत होता. घागरवालीची नथ डावीकडे आली होती. आणि बारव देवळाच्या उजव्या अंगाला.

कौसाबाईंनी आरशात पाहिलं, मग कार्डात, मग परत आरशात. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "म्हंजी तात्या बरूबर व्हते."

"होय."

"आन् तुमी त्यास्नी गप केलं."

"होय."

"मग आधी तिकडं चला."

तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते हसले. म्हणाले, "फोटूला काय कळतंय बाई. त्यो तरी कुठं हितं ऱ्हायलाय?"

रघूला मात्र लागलं. तो बराच वेळ आरशातल्या पणज्याकडे बघत बसला, डावा हात मांडीखाली घेऊन. शेवटी मला म्हणाला, "मंग मी कुनावर गेलो ओ बाई?"



सहावी माळ

आरसा आणि कार्ड गावभर फिरलं. एकेक जण बघायचा आणि दूध संस्थेकडे वळून बघायचा. चेअरमन सगळ्यात शेवटी आले. आरशात बघून त्यांचा चेहरा उतरला.

"ओटा फोडायचा? अवं, सायबांच्या हातची कोनशिला हाय! आन् ठराव लागंल. संस्थेची मालमत्ता हाय ही, कुनाच्या घरची चूल न्हाई."

"मग घ्या सभा," कौसाबाई म्हणाल्या.

आणि घेतली! लिंबाखाली सतरंजी, समोर इतिवृत्ताची वही, पेन चेअरमनच्या हातात. मी कोल्हापूरची, सहकारातल्या सभा, त्यांतली भांडणं, चिवडा आणि चहा सगळं लहानपणापासून पाहिलेलं. पण संस्थेनं स्वतःचाच ओटा फोडायचा ठराव होताना पहिल्यांदा पाहिला. चेअरमन वेळ काढत होते. "सूचक कोन?"

"मी," कौसाबाई.

"अनुमोदक?"

कुणी बोलेना. दिरासमोर वहिनीच्या बाजूनं बोलायचं कुणी? तेवढ्यात गोठ्यातून एक म्हैस रेकली.

"घ्या लिहून," कौसाबाई म्हणाल्या. "संस्था तिच्याच दुधावर चालतीय."

सगळी सभा हसली. मग त्या एकदम उभ्या राहिल्या. आवाज खाली आला. "भावजी, दूध नासत न्हाई ते कोनशिलेमुळं न्हाई. खाली कायतरी गार हाय म्हनून नासत न्हाई. माझं एक पोर मी फडात ठिवून आले. सुनंचं न्हाई ठिवनार. फोडा ओटा, न्हाईतर मी फोडते."

चेअरमननी पेन बंद करून खिशाला लावलं. थोड्या वेळानं तेच जाऊन पहार घेऊन आले. कोनशिला मात्र त्यांनी स्वतः, चारही बाजूंनी कोरून, अख्खी बाहेर काढली आणि पोत्यात गुंडाळून ठेवली. पहिला घाव घालायच्या आधी त्यांनी ओट्याला हात लावून कपाळाला लावला. मला त्या माणसाबद्दल तेव्हा माया वाटली.

आठवी माळ

ओट्याखाली मुरूम नव्हता. काळा गाळ होता, ओढ्याचा. मीसुद्धा दोन दिवस टोपली उचलली. माझी कंबर आजवर त्याची आठवण काढते. दुपारी रघूचा टिकाव खणकन वाजला. हातांनीच माती बाजूला केली, तर घडीव दगड. कडेला ओळखीचं नक्षीचं पान. मी धावत कार्ड आणलं, आरसा आणला. तेच पान!

संध्याकाळपर्यंत तीन पायऱ्या मोकळ्या झाल्या. बाया पायऱ्यांना हळदकुंकू लावत होत्या. तात्यांना उचलून आणून पहिल्या पायरीवर बसवलं. त्यांनी दगड हातानं चाचपला आणि ढसाढसा रडले.

पण पायऱ्या कोरड्याठाक होत्या. खाली किती, कुणाला ठाऊक? दसरा दोन दिवसांवर. आणि मला निघणं भाग होतं. घरी भावजयीचं ऑपरेशन ठरलं होतं.

निघताना कौसाबाईंना म्हणाले, "कार्ड आता नकोच मला. ठेवा तुम्ही."

"छ्या. बोललो म्हंजी बोललो. पानी लागलं की धाडू."

"आणि नाही लागलं तर?"

"मंग समजा, आमी ट्रकात हाव."

हावरेपणाचं औषध नाही. तरीही मी सुमनला जीपपाशी दहादा बजावलं: पाठवायचं झालं तर दोन पुठ्ठ्यांमध्ये घालायचं, वर पाकीट, घडी नको, बोट नको, पाणी तर नकोच. कोऱ्या कार्डाची किंमत वेगळी असते, हेही समजावलं. ती शहाण्यासारखी मान हलवत होती. मग तिनं माझ्या डब्यात पुन्हा शेंगा भरल्या.

कोल्हापूर

दसरा गेला, दिवाळी गेली. भावाकडे ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या. एरवी वर्षात दोनदा जाणारी मी, त्या महिन्यात चारदा गेले. पाचटाच्या कोप्यांसमोरून, त्या उसाच्या पाल्याच्या झोपड्यांसमोरून, सावकाश चालायची, बायांचे चेहरे बघत. बीडच्या आहात का, विचारायची. बीडच्या बऱ्याच होत्या. रघू दिसला नाही. पण म्हणून काय झालं? कारखाने काय एकच आहेत? एकदा फडात पाठमोरी एक बाई दिसली, पोट पुढे आलेलं, वाकून कोयता मारत होती. मी सुमन म्हणून हाक मारली. तिनं वळून पाहिलं, तर दुसरीच कुणी होती. मला आधी बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची शरम वाटली, कारण तीही कुणाची तरी सून होतीच की.

मार्गशीर्षातला गुरुवार होता, पूजा मांडत होते. पोस्टमननं हाक मारली, "बाई, पत्र! चित्राचं आहे!"

मी किंचाळलेच. तो ते उघडं, दोन बोटांत धरून उभा होता. पाकीट नाही, पुठ्ठा नाही. कार्ड जसंच्या तसं पेटीत टाकलेलं. एक कोपरा दुमडलेला. पाठीवर नवं तिकीट, त्यावर पोस्टाचा काळाकुट्ट ठसा, तो अर्धा पत्त्यावर उतरलेला. चित्राच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं, शुभवर्तमानाच्या पत्राला लावतात तशी. त्यातलं एक बोट थेट निळ्या पाण्यात. आणि शंभर वर्षांची कोरी पाठ निळ्या बॉलपेननं गच्च भरलेली. जागा संपली तशी अक्षरं कडेकडेनं वर चढलेली.

"अगं पोरी, काय केलंस हे!" मी दारातच म्हणाले. "दहादा सांगितलं होतं गं तुला!"

पोस्टमन घाबरून गेला. मग मी चष्मा लावला.

"बाईंना सुमनचा नमस्कार. एकविसाव्या पायरीला पाणी लागलं. आम्ही गेलो नाही. मला मुलगी झाली. घरीच झाली, तिसरा दिवस पार पडला, आज बारावा. आत्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या, तिसऱ्याला जेवल्या. दूध चालू आहे. चेअरमनमामांनी कोनशिला पहिल्या पायरीला बसवली. तात्या रोज खाली उतरतात, ओरडलं तरी ऐकत नाहीत. तुम्ही सांगितलेलं पुठ्ठ्याचं ध्यानात होतं. पण आत्या म्हणाल्या, रिकामं धाडू नये."

पूजा तशीच राहिली. मी पायरीवर बसून ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि मोकळेपणानं रडले.

आता ते वहीच्या पहिल्या पानावर आहे. परवा पुण्याचे एक जमवणारे आले होते. बाकी सगळी कार्डं चित्र वर करून लावलेली, आणि हे एकच पाठ वर करून. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि हळूच म्हणाले, "बाई, हे उलटं लावलंय तुम्ही."

"उलटं होतं," मी म्हटलं. "आता सुलटं झालंय."